हाँगकाँग : तारखा आणि हवामानाचे उच्चांक

दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील बंदर व माजी ब्रिटिश वसाहत. २६ जानेवारी १८४१ रोजी येथे ब्रिटिश निशाण फडकले. १८४२ च्या नानकिंग तहाने बेट ब्रिटनला मिळाले. १८६० मध्ये कौलून जोडले गेले, तर १८९८ मध्ये ‘न्यू टेरिटरीज’ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

बंदराची खरी दैनंदिनी मात्र हवामानानेच लिहिली. १८८३ मध्ये वेधशाळा स्थापन झाली. तिच्या नोंदीत १८ जानेवारी १८९३ ला पारा थेट ०.० अंशावर उतरलेला दिसतो. उष्णकटिबंधातल्या बंदरात हे आक्रीतच! १९ जुलै १९२६ ला एका दिवसात ५३४.१ मिमी पाऊस कोसळला.

१८ सप्टेंबर १९०६ च्या टायफूनने काही तासांत सुमारे दहा हजार बळी घेतले. इशाऱ्याची तोफ उडाली, पण वादळ दारात आल्यावर. वेधशाळेवर टीकेची झोड उठली, चौकशीही झाली. सर्वाधिक माणसे दगावली ती होड्यांवरच संसार थाटणाऱ्या कोळ्यांची.

१८९४ च्या उन्हाळ्यात प्लेगची साथ आली आणि येर्सिन या जीवाणुशास्त्रज्ञाने येथेच त्याचा जंतू शोधला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग याच बंदरातून आला, असे सामान्यतः मानले जाते.

१ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे गेले. त्या वर्षीचा ३,३४३ मिमी पाऊस हा वेधशाळेच्या वार्षिक नोंदींतील उच्चांक आहे.