ताईचं नाव पटावर होतं

दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक असतानाच आमच्या वाडीत ट्रक लागायचे. वाडी दिंद्रुडजवळची. साखर कारखाना तेलगावातही आहे, पण मुकादमाची उचल घेतलेली असायची, म्हणून टोळी निघायची थेट कोल्हापूरकडं. भांडी, सरपण, कोंबड्या आणि लेकरं एकाच ट्रकात.

मी चौथीत होते तेव्हा मागं राहिले, आजीपाशी. जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह होतं. खाटा, खोल्या डोळ्यांपुढं आणू नका. सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत, झोपायला आजीकडं, एवढंच. त्याआधीच्या साखरशाळांत शाळाच ऊसतोडीच्या मागं जायची. वसतिगृहानं लेकराला गावातच थांबवलं. मला विचाराल तर हे शहाणपणाचं होतं. फडाशेजारच्या शाळेतून पोराला वाढे बांधायला कधीही हाक यायची.

पण ताई थांबली नाही. ती सहावीत, तिलाही वसतिगृहात जेवण मिळालं असतं. आमचा भाऊ मात्र दीड वर्षाचा होता. नवरा-बायको मिळून एक कोयता: बाप ऊस तोडणार, आई मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकात चढवणार. मग झोळीतलं पोर कोण बघणार? "तिला नेल्याबिगर जमायचं न्हाई," आई म्हणाली.

हे कोडं जुनं आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसलं, की मोठी मुलं शाळेत येत नाहीत कारण धाकटी भावंडं त्यांच्या कडेवर असतात. म्हणून त्यांनी विकासवाडी काढली. पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा, सगळं एकत्र. धाकट्याची सोय झाली की मोठी वर्गात बसते, इतका साधा हिशेब.

सरकारनं मात्र हे तुकडे वेगळे केले. १९७५ पासून अंगणवाडी आली, ती दुपारी सुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांचं मूल धरलं. वसतिगृहही पटावरच्याच मुलांचं. सहा महिने आईबाप नसलेल्या दीड वर्षाच्या पोराला रात्री कुठं ठेवायचं, हे कुठल्याच कागदात नव्हतं.

उन्हाळ्यात टोळी परतली तेव्हा भाऊ चालायला लागला होता. आईला आई म्हणायचा, ताईलाही आईच. जूनमध्ये ताईचं नाव पटावर होतं. ती दोन दिवस गेली, पण तो दाराशी रडत बसायचा. तिसऱ्या दिवशी ती घरीच राहिली.