साहेबांचा क्लब आणि १० केबीचा कॉम्प्युटर

जळगावहून रात्रीची गाडी पकडून मुंबईला गेलात की गेटवेला फोटो काढताच ना? पुढच्या वेळी समुद्राकडे पाठ करून जरा आजूबाजूला बघा. तिथे एक सरकारी इमारत आहे. तिचा पत्ता आजही ‘ओल्ड यॉट क्लब’ असाच लिहितात.

हा क्लब १८४६ चा. १८७६ ला राणीच्या सरकारनं त्याला ‘रॉयल’ पदवी दिली, आणि १८८० च्या दशकात पालवा बंदरावर, म्हणजे अपोलो बंदरावर, त्याचं क्लबहाऊस उभं राहिलं. समोर बंदर, शिडाच्या होड्या, संध्याकाळी साहेब लोकांची बैठक. सभासद फक्त गोरे. आपल्याकडचा माणूस कितीही शिकलेला, कितीही पैसेवाला असो, त्याला सभासदत्व नाही. शेवटी पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हर्नर विलिंग्डनला दोघांसाठी खुला असा वेगळाच क्लब काढावा लागला.

मग स्वातंत्र्य आलं. यॉट क्लब शेजारच्या आपल्याच दुसऱ्या इमारतीत गेला, आणि १९४९ ला या जुन्या क्लबहाऊसमध्ये कोण आलं? होमी भाभांची टीआयएफआर! त्याआधी ही संस्था पेडर रोडच्या एका बंगल्यात होती, आणि भाभांचा जन्मही त्याच बंगल्यातला.

आता गंमत बघा. जिथे आपल्या लोकांना सभासदत्व नव्हतं, तिथे आपलीच माणसं कॉस्मिक किरणांवर काम करायला लागली. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीननं या संस्थेत यायचे. भारताच्या इतिहासाकडे नव्यानं बघायला लावणारं त्यांचं पुस्तक १९५६ चं, म्हणजे याच काळातलं.

आणि माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्यासाठी सगळ्यात भारी गोष्ट अशी, की याच वर्षांत या संस्थेच्या लोकांनी कॉम्प्युटर बनवायला घेतला. १९५६ ला छोटं प्रायोगिक मशीन चाललं, १९६० ला पूर्ण मशीन. पुढे त्याला ‘टिफ्रॅक’ नाव मिळालं. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. हिशोब करा, साधारण १० केबी! तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण ते मशीन आपल्या माणसांनी इथेच बनवलं होतं.

१९६२ ला टीआयएफआर कुलाब्याच्या टोकाला नव्या इमारतीत गेली. जुन्या क्लबात अणुऊर्जा खात्याची कार्यालयं राहिली.

मी मागे तिथे जाऊन आलो. आत जाता येत नाही, सुरक्षा आहे. क्षणभर वाटलं, म्हणजे आपण अजून बाहेरच की! मग विचार केला, नाही, फरक आहे. तेव्हा बाहेर ठेवायचे ते जन्म बघून. आज आत जायचं तर काम लागतं, आणि ते काम जळगाव-धुळ्याच्या पोरीलाही मिळू शकतं. परीक्षा कठीण आहे, क्लासची फी परवडत नाही, हे सगळं खरंय. पण दारावरचा नियम बदलला, ही छोटी गोष्ट नाही.

तुमच्याही गावात एखादा जुना ऑफिसर्स क्लब असेल. घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, तिथे आत कोणाला सोडायचे? आणि उत्तर मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या भागात!