बालपरवेशीपासून पेन्शनीपर्यंत

प्रतापगडच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान मारला गेला आणि त्याची फौज मोडली, त्यानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या लोकांची जी व्यवस्था लावली, तिची हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने पुढे राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बसून लिहिलेल्या बखरीत दिलेली आहे. परंतु खानाच्या वधाचा प्रसंग जसा घरोघरी पोचला, तसा त्याच्या पाठोपाठ येणारा हा चारदोन ओळींचा हिशेब पोचला नाही. लढाईत पडले त्यांच्या मुलांना सरकारने चालवावे, ज्यांस पुत्र नाही त्यांच्या बायकांस निमे वेतन करून द्यावे, आणि जखमी झाले त्यांना जखम पाहून दोनशे होनांपासून पंचवीस होनांपर्यंत रक्कम द्यावी, असा तो हिशेब. बखरीतले आकडे कीर्दीतल्या आकड्यांइतके काटेकोर धरू नयेत, हे खरे. तथापि विधवेचा निर्वाह नवऱ्याच्या वेतनाच्या प्रमाणात ठरावा आणि जायबंदी माणसाची भरपाई त्याच्या जखमेच्या प्रमाणात व्हावी, ही दोन तत्त्वे त्या ओळींत इतक्या स्वच्छपणे आलेली आहेत की, आजच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या आणि लष्करातील अपंगत्वाच्या टक्केवारीच्या नियमांना पूर्वज शोधायचे झाल्यास फार दूर जाण्याचे कारण पडत नाही.

पेशवाईत या प्रकारास बालपरवेशी हे नाव रूढ झाले. सरकारच्या चाकरीत माणूस कामास आला, म्हणजे त्याच्या मुलामाणसांच्या पोषणासाठी जमीन किंवा रोख नेमणूक करून द्यावयाची, अशी ती चाल. आणि पेशव्यांच्या रोजनिशी चाळणाऱ्यास तिच्या नोंदी वारंवार भेटतात. मात्र ही नेमणूक हातात पडण्याची रीत तत्कालीन कारभारास शोभेल अशीच होती. हुजुरातून सनद झाली तरी पैसा खजिन्यातून निघत नसे; कुठल्यातरी महालाच्या वसुलावर वरात, म्हणजे रक्कम देण्याची चिठ्ठी, मिळे, आणि ती वरात घेऊन विधवेच्या दिराने वा भावाने कमाविसदाराच्या दारी खेटे घालावयाचे. त्या महालात पीक बुडाले, शत्रूची स्वारी आली किंवा कमाविसदार बदलला, म्हणजे सनद जाग्यावर राही आणि पैसा तेवढा थांबे. उदारपणाची परंपरा आपल्याकडे होती याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या उदारपणाचा खरा कस हुजूरच्या शिक्क्यात नव्हता, महालाच्या वसुलात होता, हे विसरून चालत नाही.

राज्य बदलून इंग्रजांचा अंमल आला, तेव्हा हा प्रश्न निराळ्याच रूपाने पुढे आला. ११ फेब्रुवारी १८१८ रोजी कंपनी सरकारतर्फे एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जो जाहीरनामा काढला, त्यात वतने, इनामे, वर्षासने आणि धर्मादाय चालू राहतील असे अभिवचन होते, आणि दक्षिणेतील लोक नव्या अंमलास इतक्या लवकर रुळले याला ते अभिवचन मोठ्या अंशी कारण झाले. त्याच वर्षी जूनच्या आरंभी दुसरा बाजीराव पेशवा कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला व सालीना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास गेला. हा आकडा कलकत्त्यातील वरिष्ठांस भारी वाटला, पण युद्ध लांबण्यापेक्षा तो स्वस्त पडेल असे माल्कमचे गणित होते. त्या गणितात एक गोष्ट बसली नाही, ती म्हणजे बाजीरावाचे आयुष्य. त्रेचाळीस वर्षांचा हा पेशवा त्यानंतर बत्तीस वर्षांहून अधिक काळ जगला आणि २८ जानेवारी १८५१ रोजी वारला, तोपर्यंत कंपनीने त्याच्यापायी अडीच कोटींहून अधिक रुपये खर्ची घातले होते. तहातील शब्द पेशव्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी असे असल्यामुळे दत्तकपुत्र नानासाहेबांनी तनखा पुढे चालवण्याची मागणी केली. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो केवळ हयातीपुरता होता असे म्हणून ती फेटाळली, आणि नानासाहेबांच्या वतीने अजीमुल्ला खानाने थेट लंडनपर्यंत जाऊन केलेली खटपटही वाया गेली. सत्तावन्नच्या उठावाची कारणे अनेक. पण कुटुंबनिवृत्तिवेतनाचा एक नामंजूर अर्ज त्यांच्यात मोडतो, हे नाकारता येणार नाही.

इकडे दख्खनेत इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनचा वरवंटा फिरत होता. १८५२ च्या अकराव्या कायद्याने या चौकशीला जोर आला, आणि ज्या घराण्यात तीन पिढ्या इनाम चालत आले त्यांनाही मूळ सनद दाखवा असा हुकूम झाला. वाळवीने खाल्लेली, आगीत गेलेली, भाऊबंदकीत हरवलेली सनद कोठून आणावी? शेकडो घराण्यांच्या वाट्याला जप्ती आली. शतपत्रे लिहून ब्राह्मणांच्या आयत्या खाण्यावर कोरडे ओढणारे गोपाळ हरी देशमुख याच कमिशनवर अधिकारी होते, हा योगायोग मला नेहमी अर्थपूर्ण वाटतो. कारण या इनामांत ऐतखाऊपणा पुष्कळ होता हेही खरे, आणि एल्फिन्स्टनच्या वचनाचा भंग झाला हेही तितकेच खरे. पुरावा देण्याचे ओझे सरकारावर नसून घेणाऱ्यावर आहे, हा दंडक मात्र त्या काळापासून आपल्या दफ्तरांत जो मुरला, तो अद्याप निघालेला नाही.

१८७१ च्या पेन्शन कायद्याने त्यावर कळस चढवला. सरकारने दिलेल्या नेमणुकीविषयी दिवाणी न्यायालयात दावा आणावयाचा, तर आधी कलेक्टराचा दाखला पाहिजे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी. त्याच कायद्याने सावकाराला पेन्शनीवर जप्ती आणता येणार नाही असा बंदोबस्तही केला, आणि गोरगरीब पेन्शनरांवर त्याचे खरोखर उपकार झाले. मायबाप सरकार सावकारापासून रक्षण करील, परंतु सरकारापासून रक्षण करण्यास कोणी नसेल, असा एकंदर या कायद्याचा भाव. हा कायदा आजही पुस्तकात आहे.

तरीही या परक्या, रुक्ष पेन्शनीने एक काम असे केले की जे बालपरवेशीने कधी केले नसते. कोकणातील दापोलीच्या छावणीच्या आसऱ्याने कंपनीच्या आणि पुढे राणीच्या फौजेतील निवृत्त शिपायांची वस्ती झाली. त्यांत महार पेन्शनरांची संख्या लक्षणीय होती. गावगाड्यात ज्यांना बलुत्याच्या भाकरीसाठी पाटलाच्या दारात उभे राहावे लागे, त्यांना दरमहा सरकारी खजिन्यातून रोख रुपये मिळू लागले, आणि ते बंद करणे पाटलाच्या हाती नव्हते. गोपाळबाबा वलंगकर हे अशाच निवृत्तांपैकी. दापोलीस राहून त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, आणि महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्या बंदीविरुद्ध सरकारकडे करावयाचा अर्ज सिद्ध केला. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर लहानग्या भीमरावास घेऊन काही काळ दापोलीसच राहिले होते. अस्पृश्यांच्या चळवळीचा इतिहास लिहिताना विचारांच्या उगमाची चर्चा पुष्कळ होते. त्या विचारांना उभे राहण्यास जी चार रुपयांची निर्वेध जमीन मिळाली, तिची व्हावी तितकी होत नाही. भरतीबंदीची झळ का बसली, हेही यावरून उमगते: तीत चालू पिढीच्या नोकरीबरोबर पुढल्या पिढीची पेन्शनही बुडत होती.

स्वराज्य आल्यावरही पेन्शन ही सरकारची मेहरबानी की चाकराचा हक्क, हा वाद मिटावयास अवधी लागला. ती मेहरबानी नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सांगितले. आणि ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना सुधारित सूत्राचा लाभ नाकारणारी सरकारी रेघ १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात पुसली गेली. न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेल्या त्या निकालाचे खंडपीठ पुण्याचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली बसले होते. निकालाचा तो दिवस निवृत्तांच्या संघटना अद्यापि पाळतात. पुढे केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने नोकरीस लागणाऱ्यांना निराळी, अंशदायी योजना लावली, म्हणजे तारखेची रेघ पुन्हा उमटली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनीसाठी राज्यातील कर्मचाऱ्यांचा जो संप झाला, तो त्या रेघेविरुद्धच होता.

परंतु हे सर्व नोकरदारांचे झाले. ज्यांनी सरकारची चाकरी केली नाही, त्या निराधार विधवा, वृद्ध आणि अपंगांसाठी महाराष्ट्राने १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली, आणि तिचा अर्ज तहसील कचेरीत, उत्पन्नाच्या व हयातीच्या दाखल्यांसह, इनाम कमिशनच्या त्याच दंडकाने तपासला जातो. निवृत्त कारकुनाचे वेतन महागाईबरोबर वर्षातून दोनदा हलते. निराधाराची रक्कम २०१९ मध्ये सहाशेची हजार झाली, २०२३ मध्ये हजाराची दीड हजार झाली. ती का वाढली, किती वाढावी, पुढे केव्हा वाढेल, यास कोणतेही सूत्र नाही. विधवेस निमे वेतन म्हणताना सभासदाच्या लेखणीपुढे निदान एक माप होते. निराधाराच्या अनुदानास असे माप विधिमंडळाने कायद्याने लावून दिले पाहिजे, आणि तोपर्यंत हे अनुदान मेहरबानीच समजावयाचे.