पिक्चर पोस्टकार्ड-संग्रह : मुंबई आणि सह्याद्री

मुंबईतील वास्तू, बंदरे, रस्ते व समुद्रकिनारा आणि सह्याद्रीतील खंडाळा, लोणावळे, माथेरान, महाबळेश्वर या थंड हवेच्या ठिकाणांची चित्रे असलेली पोस्टकार्डे जमवणे, ती कालक्रमाने लावणे व त्यांचा अभ्यास करणे, असा हा छंद आहे. एकाच प्रदेशापुरती कार्डे जमवणे हा पोस्टकार्ड-संग्रहाचा सर्वांत रुळलेला प्रकार असून भारतात मुंबईच्या वाट्याला आलेले साहित्य विपुल आहे. विषय निसर्ग आणि स्थापत्याचा दिसत असला तरी मुरलेले संग्राहक जाणतात की ही कार्डे मुंबई जशी होती तशी दाखवत नाहीत. बोटीतून उतरलेल्या गोऱ्या प्रवाशाला ती जशी दिसली तशी दाखवतात. संग्रह लावताना ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास हाती उरतो तो केवळ सुंदर चित्रांचा गठ्ठा.

साधे पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत 1 ऑक्टोबर 1869 रोजी निघाले. भारतात ते जुलै 1879 मध्ये आले आणि पाव आण्यात देशभर जाऊ लागले. चित्राचे कार्ड त्यानंतरचे. मुंबईच्या रंगीत शिळामुद्रित कार्डांची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोनतीन वर्षांत झाली. त्यांवर जर्मन पद्धतीप्रमाणे एका कोपऱ्यात शहराच्या नावाने शुभेच्छा आणि बाजूला दोन-तीन छोटी दृश्ये असत. गिरगावात 1894 साली सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याचा या आरंभीच्या कार्डांशी जवळचा संबंध आहे. देवदेवतांच्या तसबिरी घरोघरी पोचवणारा हा छापखाना पोस्टकार्डांच्याही इतिहासात आहे, हे मराठी वाचकाच्या सहसा लक्षात नसते. तेथे काम करणाऱ्या पॉल गेरहार्ट या जर्मन चित्रकाराची कार्डे आज दुर्मीळ मानली जातात. मुंबईतील नाना पेशांच्या माणसांची कार्डे म. वि. धुरंधरांनीही रंगवली. ती दृश्यकार्डे नव्हेत. तरी मुंबईचा संग्रह करणाऱ्याला त्यांचा मोह आवरत नाही आणि आवरूही नये.

प्रकाशकांत मुंबईची क्लिफ्टन आणि कंपनी व फोटोटाइप कंपनी ही नावे वारंवार भेटतात. लंडनच्या राफाएल टक कंपनीने ‘ऑइलेट’ नावाची, तैलचित्राचा भास देणारी कार्डे 1903 पासून काढली. त्यांत मुंबईची दृश्ये आहेत. 29 डिसेंबर 1940 च्या बाँबहल्ल्यात टकची लंडनमधील इमारत जळाली आणि दफ्तर नष्ट झाले. त्यामुळे त्यांच्या मालिकांची यादी आज कार्डांवरूनच उलटी जुळवावी लागते. छायाचित्र मुंबईत काढलेले आणि छपाई जर्मनीत, हा पहिल्या महायुद्धापर्यंतचा नित्याचा क्रम होता. पाठीवर बारीक अक्षरांत सॅक्सनी किंवा बव्हेरिया असे छापलेले आढळते. 1914 मध्ये हा पुरवठा तुटला आणि त्यानंतरच्या कार्डांची छपाई डोळ्याला दिसण्याइतकी उतरली. परदेशी रंगाऱ्याने मुंबई पाहिलेली नसे. मग ट्रामचा रंग त्याच्या मर्जीचा, मे महिन्याच्या आभाळात युरोपातले ढग, आणि भर दुपारच्या छायाचित्रावर निळी छटा चढवून, वर चंद्र चिकटवून केलेली ‘चांदणी रात्र’. अशी बनावट चांदणी कार्डे हा एक स्वतंत्र, काहीसा गमतीचा उपसंग्रह होऊ शकतो.

छपाईची जात ओळखायला भिंग लागते. हाफटोनमध्ये ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. कोलोटाइपमध्ये जाळी नसते, सुरकुतल्यासारखा सूक्ष्म पोत असतो. शिळामुद्रणात रंगांचे सपाट थर व विस्कळीत ठिपके दिसतात. खरे ब्रोमाइड छायाचित्र मात्र कितीही मोठे करून पाहिले तरी सलग राहते, आणि जुने झाले की गडद भागांत चांदीची झाक येते. नकली जुनी कार्डे ओळखण्याची पहिली कसोटीही हीच. आजच्या छपाईच्या चौरंगी ठिपक्यांची नक्षी शंभर वर्षांपूर्वीच्या कोलोटाइप कार्डावर असूच शकत नाही.

चित्रांचा मार्ग ठरलेला आहे. अपोलो बंदर, ताजमहाल हॉटेल, राजाबाई टॉवर, व्हिक्टोरिया टर्मिनस, महापालिकेची इमारत, क्रॉफर्ड मार्केट, मलबार हिलवरून दिसणारी बॅक बे, वाळकेश्वरचे बाणगंगा तळे, पारशांचे दोखमे, घारापुरीची लेणी. मग बोरघाट, खंडाळ्याची नागफणी, कार्ल्याचे चैत्यगृह, माथेरानचे पॉइंट, महाबळेश्वरचे आर्थर सीट. ‘नेटिव्ह टाउन’ म्हणून भेंडीबाजार आणि काळबादेवीचा रस्ता येतो, तोही गर्दीचे कौतुक म्हणून. गिरणगाव जवळजवळ नाही. ज्या कापसाने आणि सुताने ही सारी दगडी शोभा उभी केली, त्या गिरण्यांच्या चिमण्या कार्डावर आल्याच तर दूरच्या क्षितिजावर. गिरगावातल्या चाळी शोधूनही क्वचित मिळतात. परळ-लालबागचा इतिहास पोस्टकार्डांतून लिहू पाहणाऱ्याने दुसरे साधन शोधावे, हे बरे.

संग्राहकाचे खरे कसब कार्डाचा काळ ठरवण्यात लागते. टपालाच्या शिक्क्यावर विसंबणे ही नवख्याची सवय आहे. शिक्का एवढेच सांगतो की चित्र त्या दिवसानंतरचे नाही. दुकानदार एकच काचपट्टी दहा-पंधरा वर्षे वापरत, आणि न खपलेला साठा त्याहून जास्त काळ विकत. चित्राचा काळ चित्रातच शोधावा लागतो, आणि मुंबई या बाबतीत मोठी उदार आहे, कारण तिथे नेमक्या तारखांच्या खुणा पावलोपावली आहेत.

ट्रामचेच पाहा. घोड्याची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली, विजेची 7 मे 1907 रोजी आणि दुमजली ट्राम 1920 साली. हॉर्नबी रोडच्या (आताचा दादाभाई नौरोजी रस्ता) कार्डात वर तारा नाहीत आणि रुळांवर घोडे आहेत, तर छायाचित्र 1907 च्या बरेच पुढचे असू शकत नाही. दुमजली ट्राम दिसली की 1920 नंतरचे. मोटारबस दिसली तर जुलै 1926 नंतरचे. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली. पुढच्या रंगीत कार्डांत रूळ असतील, ट्राम नसेल.

अपोलो बंदराची कार्डे याहून बोलकी आहेत. ताजमहाल हॉटेल डिसेंबर 1903 मध्ये उघडले. गेटवेची पायाभरणी 31 मार्च 1911 ला झाली, पण आराखडा 1914 मध्ये मंजूर झाला, बांधकाम 1924 मध्ये पुरे झाले आणि 4 डिसेंबर 1924 रोजी उद्घाटन झाले. ज्या कार्डात ताज आहे आणि त्याच्या पुढ्यात मोकळा धक्काच आहे, ते या दोन टोकांमधले. पाचवा जॉर्ज आणि मेरी राणी डिसेंबर 1911 मध्ये उतरले तेव्हा कमान नव्हतीच. त्या भेटीच्या कार्डांवर दिसतो तो स्वागताचा तात्पुरता मंडप, आणि विक्रेते तो सर्रास ‘गेटवे’ म्हणून विकतात.

पुतळ्यांनीही काम सोपे होते. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे लोकांचा काळा घोडा, 1879 पासून आपल्या चौकात होता. 1965 मध्ये तो हलवला गेला आणि आता भायखळ्याला राणीच्या बागेजवळ, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत 1914 मध्ये पुरी झाली, पण युद्धकाळात तिथे लष्करी इस्पितळ होते आणि लोकांसाठी संग्रहालय 1922 मध्ये उघडले. त्यामुळे त्या इमारतीचे कार्ड पाठवणारा जखमी शिपाई असेल, तर ‘म्युझियम पाहिले’ असे त्याने लिहिलेले नसते. ‘इथे पडून आहे’ अशा अर्थाचे काही असते.

घाटातली कार्डे मोजक्या खुणांवर लागतात. बोरघाटाची चढण 1863 मध्ये खुली झाली. चढ तीव्र असल्याने गाडी एका ठिकाणी थांबून, इंजिन उलट बाजूला लावून पुढे जाई. हे रिव्हर्सिंग स्टेशन म्हणजे पोस्टकार्ड-प्रकाशकांचे हुकमी दृश्य : दरी, वळणारे रूळ, धूर, मागे कडे. 1929 मध्ये नव्या मार्गाने ते वगळले गेले. तिथे उभी असलेली गाडी दाखवणारे कार्ड म्हणून 1929 आधीचेच. माथेरानची छोटी गाडी 1907 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे कोणतेही कार्ड त्याआधीचे नाही. पालखी, घोडा आणि हातरिक्षा यांची कार्डे मात्र दोन्ही काळांत निघत राहिली. निखळ निसर्गदृश्याचे काय करावे हा प्रश्न सुटत नाही. आर्थर सीटचा कडा 1905 मध्ये जसा होता तसाच 1935 मध्ये. तिथे कागद, छपाई आणि पाठ यांखेरीज आधार नाही.

पाठ म्हणजे कार्डाची दुसरी बाजू. सुरुवातीला तिच्यावर फक्त पत्ता लिहिण्याची मुभा होती. मजकूर चित्राच्या कडेला, समुद्रावर, आभाळावर, जागा सापडेल तिथे कोंबावा लागे. मधली रेघ मारून डावीकडे मजकूर व उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनने 1902 मध्ये केली. 1906 च्या रोम येथील आंतरराष्ट्रीय टपाल परिषदेने ती स्वीकारली आणि 1907 पासून ती जगभर रूढ झाली. म्हणून पाठीवर रेघ नसलेले मुंबईचे कार्ड साधारणपणे त्याआधीचे. तिकिटांचाही उपयोग होतो : व्हिक्टोरियानंतर सातव्या एडवर्डची तिकिटे 1902 पासून, पाचव्या जॉर्जची 1911 पासून. देशांतर्गत दर 1922 मध्ये पाव आण्याचा अर्धा आणा झाला. परदेशी जाणाऱ्या काही कार्डांवर ‘सी पोस्ट ऑफिस’चा शिक्का सापडतो. मुंबई-एडन मार्गावर बोटीतच टपाल निवडले जाई; ती पद्धत 1914 मध्ये बंद पडली. असा शिक्का असेल तर चित्र साधारण असूनही कार्ड टपालसंग्राहकांच्या हाती जाते आणि दर चढतो.

मजकूर बहुधा त्रोटक असतो. हवा, बोट कधी निघणार, पत्र का नाही. पाठवणारे मुख्यतः अधिकारी, सैनिक, मिशनरी, प्रवासी. मराठीत लिहिलेले जुने चित्रकार्ड मिळणे अवघड, आणि सापडलेच तर कितीही मळके असो, सोडू नये. उत्तम छपाईच्या दहा कोऱ्या कार्डांपेक्षा ते एक मोलाचे. मराठी घरात खुशालीला पाव आण्याचे साधे कार्ड पुरत होते. चित्राचे पैसे वेगळे मोजायचे कशाला?

यातूनच या संग्रहाची उलटी भूगोलरचना येते. मुंबईची टपालाने गेलेली कार्डे मुंबईत उरली नाहीत. ती ब्रिटनमधल्या घरांत, तिथून पोस्टकार्ड-जत्रांत आणि आता इंटरनेटवरील लिलावांत आली. चोरबाजारातील मटण स्ट्रीट, फोर्टातले तिकीटविक्रेते आणि पुण्याचा जुना बाजार इथे मिळतात ती बहुतेक न पाठवलेली, दुकानात पडून राहिलेली किंवा आल्बममधून उपटलेली. डिंकाने चिकटवलेले कार्ड उपटताना पाठीचा कागद निघतो आणि निम्मी माहिती जाते. तसे कार्ड स्वस्त असले तरी दृश्य दुर्मीळ नसेल तर घेऊ नये.

गोव्याची शाखा निराळी. तिथले मथळे पोर्तुगीज, राजधानीचे नाव नोव्हा गोवा, आणि दृश्यांत जुन्या गोव्याची चर्चे, मांडवीचा काठ, मुरगाव बंदर. सोझा आणि पॉल या छायाचित्रकारांची कार्डे तिथे महत्त्वाची. मुंबई-संग्राहक हे क्षेत्र सहसा दुसऱ्यावर सोपवतो.

जतनाबाबत कोकणपट्टीचा पावसाळा हा मुख्य शत्रू. बुरशीचे तपकिरी डाग आणि कसर या दोन्हींचे मूळ दमटपणात. कार्डे पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत ठेवावीत. स्वस्त पीव्हीसीची पाकिटे काही वर्षांत चिकटतात आणि शाई ओढतात. लॅमिनेशन व चिकटपट्टी पूर्ण वर्ज्य. नोंद करायचीच तर मऊ पेन्सिलीने, पाठीच्या कोपऱ्यात.

अभ्यासाच्या बाजूने ओमर खान यांचे ‘पेपर ज्युवेल्स’ (2018) हे ब्रिटिशकालीन भारताच्या पोस्टकार्डांवरील इंग्रजी पुस्तक आधारभूत आहे. मुंबईवर त्यात भर आहे. मराठीत या विषयावर पुरेसे लेखन झालेले नाही.

संग्राहकांनी सर्वांत दुर्लक्षिलेला थर मात्र जुना नाही. 1970 नंतरची चकचकीत, भडक रंगांची, गेटवेपाशी घडीच्या पट्टीत विकली जाणारी कार्डे कुणी जपली नाहीत. नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत (1974), मरीन ड्राइव्हवरच्या फियाट टॅक्सी, दुमजली बस, हँगिंग गार्डनमधली कातरलेली झुडपे हे त्यांचे विषय. आजही ती रद्दीच्या भावात मिळतात. अनेकांवर प्रकाशकाचे नाव किंवा वर्ष नसते. मथळ्यात बॉम्बेचे मुंबई झाले असेल तर कार्ड बहुधा 1995 नंतरचे, व्हीटीऐवजी सीएसटी असेल तर 1996 नंतरचे, आणि वरळीच्या समुद्रात सागरी सेतू दिसत असेल तर चालू शतकातले. जुने मथळे नव्या छपाईतही तसेच ठेवण्याची प्रकाशकांची सवय येथेही सुटलेली नाही, एवढे गृहीत धरून नोंद करावी.