जेऊरचं ग्रहण आणि रंगांचा कॅमेरा

मंडळी, इस्लापूरला व्याख्यान द्यायचं तर सहस्रकुंडापासून सुरुवात करणं भाग आहे. पावसाळ्यात पैनगंगा तिथे कोसळते, तुषार उडतात, ऊन पाठीमागून आलं की इंद्रधनुष्य उमटतं. त्या धनुष्यात रंग सगळे आहेत, पण सूर्याचा आकार कुठेच नाही. उलट ग्रहणाचा चष्मा लावून सूर्य पाहा, आकार चोख दिसतो आणि रंग गेलेले असतात. आकार आणि रंग दोन्ही एकाच वेळी, एका लहानशा यंत्रात कसे पकडायचे, हा आजचा विषय. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, भौतिकशास्त्राचा नव्हे. पण या विषयात आमचंही थोडं देणंघेणं आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत. दरवर्षी 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो आणि नॉर्मन लॉकयर साहेबांनी 1868 च्या ग्रहणात तिथूनच हेलियम शोधला असं सांगितलं जातं. ते तसं नाही. 1868 साली लॉकयर इंग्लंडमध्ये होते. ग्रहण इकडे पाहिलं ते गुंटूरला जान्सेन यांनी, जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, जॉन हर्शेल यांनी, आणि इतर काही जणांनी. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमची समजली गेली. लॉकयर यांनी 20 ऑक्टोबर 1868 रोजी, ग्रहण नसताना, तीच रेषा मोजली. ती सोडियमच्या जागेवर बसेना.

इथे मला आमचे वैशेषिक आठवतात. त्यांचं म्हणणं, रूप हा गुण आहे आणि गुण द्रव्याच्या आश्रयाशिवाय राहत नाही. इथे गुण तर दिसला, द्रव्य कुणाच्या हाती नाही. 27 वर्षं ते तसंच राहिलं. 1895 साली रॅम्झी यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. आता सगळ्यांना माहीत असलेला हेलियम तो हाच.

लॉकयर विजयदुर्गाला आले ते 1898 साली. 22 जानेवारीचं खग्रास ग्रहण. सावलीचा पट्टा कोकणातून वर चढला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून विदर्भात पुलगावकडे गेला. आपलं किनवट-इस्लापूर त्या पट्ट्याच्या थोडं दक्षिणेला राहिलं, इथे खंडग्रासच. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, आणि त्या दोन मिनिटांसाठी किती लोक आले पाहा. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल 40 फुटी कॅमेरा घेऊन उतरले. चाळीस फूट म्हणजे आपल्याकडची चार खोल्यांची चाळ! आणि त्याच जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली वर्णपटाची साधनं मांडून बसले होते.

या माणसाबद्दल थोडं थांबून बोलतो. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून पुण्यात वेधशाळा झाली, तिथे 20 इंची दुर्बीण होती, त्या काळी देशात सर्वांत मोठी. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटातली मुख्य रेषा नायगमवालांनी तपासली, आणि ती लॉकयर यांच्या सिद्धांताला हवी तशी दिसत नाही, असं 1891 साली छापून सांगितलं. पुण्यात बसून साहेबाला चुकीचं ठरवणं सोपं नव्हतं. 1912 साली ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडईकनालला गेली. साहेबाचे कट्टे आपण जपले, नायगमवालांचं नाव या सभागृहात किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. ...बरं, दोन.

आता यंत्राकडे. साध्या वर्णपटयंत्रात प्रकाश आधी एका बारीक फटीतून घ्यावा लागतो, मग लोलकातून. रंग नीट सुटतात, पण आकाशाची एक चिंचोळी पट्टीच दिसते. फट काढून टाकली तर? मग प्रत्येक रंगाचं स्वतंत्र, पूर्ण चित्र शेजारी शेजारी पडतं. एरवी ही चित्रं एकमेकांवर चढून चिखल होतो. पण खग्रास लागायच्या क्षणी सूर्याची नखाएवढी कोर उरते, आणि ती कोर हीच फट! चंद्राने फुकट करून दिलेली. विदर्भात तळणीला जॉन एव्हरशेड या तेव्हाच्या हौशी अभ्यासकाने असाच लोलक-कॅमेरा वापरून त्या काही सेकंदांचा वर्णपट टिपला. काचेवर ओळीने कोरी उमटल्या, एकेका रंगाची एकेक. हेच पुढे कोडईकनाल वेधशाळेत आले आणि नावारूपाला चढले.

पण चंद्र रोज येत नाही. मुळात अडचण अशी, की जागेच्या दोन मिती आणि रंगाची तिसरी, आणि पाटी मात्र सपाट. काहीतरी सोडावंच लागतं. काय सोडायचं, हे ठरवणं म्हणजे यंत्र घडवणं. पुण्याच्या आयुकात घडलेली 'सूट' ही दुर्बीण आदित्य एल-1 बरोबर 2 सप्टेंबर 2023 रोजी उडाली, आता 15 लाख किलोमीटरवर आहे. तिने वेळ सोडला. 200 ते 400 नॅनोमीटरमधले 11 गाळण्यांचे रंग चाकं फिरवून एकामागून एक घेते. आरसा जेमतेम 14 सेंटीमीटरचा. 40 फुटी कॅमेऱ्यापुढे खेळणंच! तुमच्या खिशातल्या मोबाइलने वेळ सोडला नाही, बारकावा सोडला. त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी एकच गाळणी, बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना 1976 साली याचं पेटंट मिळालं.

मघाशी एका शेतकरी बंधूंनी सोयाबीनवर उडणाऱ्या ड्रोनबद्दल विचारलं. त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना चार-पाच छोटी भिंगं असतात, प्रत्येकावर वेगळी गाळणी. एक अवरक्ताची, कारण निरोगी पान अवरक्त भरपूर परत फेकतं, आजारी पान कमी. वेळही वाचला, बारकावाही वाचला. मात्र भिंगं एका जागी नसतात, म्हणून चित्रं केसभर सरकलेली येतात. ड्रोन जितका खाली, तितकी जास्त. संगणकाने ती जुळवायची. जुळवणी चुकली तर निरोगी रोपाच्या कडेला आजार दिसतो, आणि फवारणी होऊन जाते.