रोमक सिद्धांत : उज्जयिनीत पोहोचलेले रोमन जगाचे गणित

रोमक सिद्धांत हा प्राचीन भारतीय ज्योतिषातील एक गणितग्रंथ होय. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे सार वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धांतिके’त आढळते. इंदूरपासून सुमारे 55 किलोमीटरवर असलेली उज्जयिनी ही या आचार्याची कर्मभूमी.

पंचसिद्धांतिकेतील गणिताचा आरंभ शके 427, म्हणजे इ.स. 505 हा आहे. पश्चिमेकडील रोमन सत्ता 476 मध्येच लयाला गेली होती. मात्र कॉन्स्टँटिनोपलमध्ये सम्राट अनास्तासियस राज्य करीत होता. त्याचे प्रजाजन स्वतःला रोमनच म्हणवीत. ‘बायझंटाइन’ हे नाव युरोपीय विद्वानांनी पुष्कळ नंतर रूढ केले.

रोमक सिद्धांतात 2850 वर्षांचे युग मानले असून त्यात 1050 अधिकमास येतात. हे प्रमाण 19 वर्षांत 7 अधिकमास या ग्रीक चक्राशी जुळते. त्यातील वर्षमान 365 दिवस, 5 तास, 55 मिनिटे व 12 सेकंद इतके आहे. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कस याचे वर्षमान नेमके हेच होते. नाव रोमचे असले, तरी विद्या ग्रीकांची होती. तिचे मोठे केंद्र असलेले अलेक्झांड्रिया रोमन अमलाखाली होते. पंचसिद्धांतिकेत उज्जयिनी आणि यवनपूर यांच्यातील कालांतरही दिले आहे. हे यवनपूर म्हणजे अलेक्झांड्रिया असे अभ्यासक मानतात.

पैतामह, वासिष्ठ, रोमक, पौलिश आणि सौर या पाच सिद्धांतांची तुलना करताना वराहमिहिराने अचूकता हाच निकष लावला. सौर सर्वांत स्पष्ट, पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळचा, तर पैतामह व वासिष्ठ सत्यापासून दूर गेलेले, असा त्याचा निर्वाळा आहे. म्लेच्छ असूनही यवन या शास्त्रात पारंगत असल्याने ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, हे मतही त्याने ‘बृहत्संहिते’त नोंदविले आहे.

सर्वांचा दृष्टिकोन असा नव्हता. इ.स. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त रोमकास स्मृतिबाह्य ठरविले. स्मृतींनी सांगितलेली युग, मन्वंतर व कल्प ही कालगणना त्यात नाही, हा त्याचा आक्षेप. ग्रंथाची पारख गणिताने करावी की परंपरेने, हा वाद त्या काळीही जिवंत होता.

पंचसिद्धांतिका 1889 मध्ये थीबो व सुधाकर द्विवेदी यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. मराठी वाचकांना या सिद्धांतांची सविस्तर चर्चा शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात वाचावयास मिळते.