‘ता’ची कुळकथा

आयर्लंडच्या भाषेत एक एकाक्षरी शब्द आहे. ‘ता’. उच्चार आपल्या दंत्य ‘त’चाच, अर्थ ‘आहे’. यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण आयरिश माणसाजवळ ‘आहे’ दोन आहेत. ‘मी शिक्षक आहे’ हे सांगताना तो सहसा ‘इस्’ वापरतो. ‘मी दमलो आहे’ म्हणताना ‘ता’. पहिल्याने माणूस मुळात कोण ते कळते, दुसऱ्याने तो तूर्त कुठे व कसा आहे ते. ‘इस्’ हा संस्कृत ‘अस्ति’चा भाऊबंद, ‘ता’ ‘स्था’ धातूच्या घराण्यातला, म्हणजे मुळात ‘उभा आहे’. आपले ‘ठाणे’ आणि ‘ठाव’ त्याच गोत्रातले.

पुस्तक आयरिश माणसापाशी असते, आपल्यासारखेच. भूक मात्र त्याच्या अंगावर असते! आणि ‘होय’ला स्वतंत्र शब्दच नाही. विचारले, ‘आहे का?’, तर होकार म्हणजे ‘ता’, नकार म्हणजे ‘नील’.

ही नाती उलगडली एकोणिसाव्या शतकात. बव्हेरियातला त्सॉइस हा बरीच वर्षे मास्तरकी केलेला गृहस्थ. आयरिश भिक्षूंनी हजार वर्षांपूर्वी लॅटिन पोथ्यांच्या ओळींमध्ये खरडलेल्या टिपा त्याने वाचल्या आणि 1853 साली केल्टिक भाषांचे व्याकरण छापले.

आणि खुद्द आयर्लंडात त्या वेळी काय चालले होते? 1831 पासून सरकारी शाळा इंग्रजीतून शिकवीत. कित्येक गावी मुलाच्या गळ्यात काठीचा तुकडा बांधीत. तोंडातून आयरिश शब्द निघाला की त्यावर एक खाच, आणि मागाहून खाचा मोजून छड्या. मास्तर या नात्याने मला छडीपेक्षा ती खाच अधिक बोचते, कारण ती पाडायला पुष्कळदा आईबापही राजी असत. पोराला इंग्रजी आली तर अमेरिकेची वाट मोकळी! पुढे 1845 साली बटाट्यावर रोग पडला. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच परागंदा झाली. त्यांत आयरिश बोलणारी गरीब माणसे फार होती.

डब्लिनच्या संसदेत आज भाषणे बहुतेक इंग्रजीतच होतात. मतदानाच्या नोंदीत मात्र ठरावाच्या बाजूची नावे ‘ता’खाली आणि विरोधकांची ‘नील’खाली छापली जातात.